तीन घरं राहिली

प्रणिता म्हात्रे कामात चुकली म्हणून कंपनीनं तिला काढली, असं आमच्या अष्टमी गावात दोन-चार जण अजून चहाच्या टपरीवर सांगतात. मी तिथं असलो की सांगत नाहीत. एकाला मी असा झाडला की अर्धा चहा टाकून उठला बिचारा. चुकली, व्हय, चुकली. दोनदा चुकली. पण पुढे तिनं काय केलं तेही सांगायला नको? अर्धीच गोष्ट सांगणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो, म्हणून पूर्ण सांगायला मीच बसलो. माझं अक्षर वाईट आणि डोकं त्याहून वाईट, असं माझी बायको हौसा म्हणते. दोन्ही सांभाळून घ्या.

मी कान्हू. रोह्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या गेटवर सव्वीस वर्षं आहे, त्यातली शेवटची अकरा सुपरवायझर. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून दीड वर्ष नोकरी आहे माझी. प्रणिता आमची जनसंपर्क अधिकारी. पेणच्या पलीकडे धरमतरच्या खाडीकाठच्या गावातली, आगऱ्यांची पोरगी. बाप केरू म्हात्रे, मिठागरात काम केलेला, थोडी खारजमीन आहे. ही पेणला कॉलेज शिकली, मुंबईला पत्रकारितेचा कोर्स केला, पेणच्याच एका साप्ताहिकात दोन वर्षं बातम्या लिहिल्या आणि मग आमच्याकडे आली. वय तेव्हा पंचवीस.

ती आली तेव्हा मला वाटलं, झालं, साहेबांच्या वाढदिवसाचे बोर्ड लावायला एक बाई आणली. जनसंपर्क म्हणजे काय तर फुलांचे गुच्छ, रिबिनी, कात्र्या. पण महिन्याभरात कळलं की ही ऑफिसात कमी आणि गावांत जास्त असते. वास सुटला की लोकांचा फोन गेटवर येतो, म्हणजे माझ्या डोक्यावर. मी आपलं “पावसाळी हवा आहे” असं ठोकून द्यायचो. तिनं मला केबिनमध्ये येऊन झापलं. वयानं पोरीसारखी, पण झापलं. म्हणाली, “काका, माहीत नसलं तर माहीत नाही म्हणा आणि फोन मला द्या.” ती स्वतः तेच म्हणायची. “मला आत्ता माहीत नाही, अर्ध्या तासात सांगते.” आणि पंचविसाव्या मिनिटाला खरंच फोन करायची. वास आमचाच असला तर आमचाच आहे म्हणायची. साहेब चिडायचे. पण नऊ वर्षांत असं झालं की सायरन वाजला तरी लोक आधी तिला फोन करायचे आणि मग पळायचं की नाही ते ठरवायचे.

आता वर्गणीचं सांगतो, कारण घात तिथंच झाला. आषाढ लागला की गणपती मंडळांची पत्रं सुरू होतात. प्रत्येक गावाचं मंडळ, प्रत्येक आळीचं मंडळ, एकाच आळीत भांडण होऊन फुटलेली दोन मंडळं. पूर्वी शिक्का मारलेला कागद गेटवर यायचा, आता ईमेलनं येतो. एका वर्षी एका मंडळाचं पत्र न उघडता राहिलं, तर चाळीस माणसं ढोल घेऊन गेटवर बसली. आमचं पत्र वाचलंसुद्धा नाय, आमचं गाव काय गाव नाय? त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. तेव्हापासून प्रणिताचा नियम होता, आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडायचं आणि उत्तर द्यायचं. ज्यांनी आम्हाला लुटलं त्यांनी हे कुठून हेरलं देव जाणे. एका शुक्रवारी तिला एका मंडळाचं पत्र आलं, नाव बरोबर, गाव बरोबर, अध्यक्षाचं नावसुद्धा बरोबर. तिनं उघडलं. आत कोरं पान. पोरांना पाठवता आलं नसेल नीट, असं म्हणून तिनं दुसरं उघडलं.

सोमवारी सकाळी पावणेसातला गेटवरचं थंबचं मशीन बंद. शिफ्टची अडीचशे माणसं लायनीत उभी. मी शिव्या देत जुनं मस्टर काढलं आणि हातानं हजेरी घ्यायला लागलो. तेवढ्यात आयटीचा हर्षद पळत आला, तोंड पांढरं पडलेलं. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर एकच इंग्रजी पाटी आली होती. तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, पैसे द्या नाहीतर बघा. त्यानं वायरी उपटायला सुरुवात केली होती. प्लांट चालवणारी यंत्रणा वेगळी असते, ती शाबूत होती. पण हे बाहेर कोणाला माहीत? नऊ वाजता बातमी फुटली आणि साडेनऊला अष्टमीत काय पसरलं म्हणाल, तर कंपनीच्या गॅसच्या टाक्या चोरांच्या ताब्यात गेल्या, बटण दाबलं की रोहा उडणार! आईबापं शाळेतनं पोरं काढायला धावली. कुंडलिका नदीच्या पुलावर गाड्या अडकल्या.

मी मस्टर घेऊन जीएम साहेबांच्या केबिनमध्ये गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मुंबईच्या हेड ऑफिसातनं वकीलबाई फोनवर होत्या, स्पीकर चालू. नोटीस तयार होती. तीन वाक्यं. काही संगणकांत तांत्रिक अडचण आली आहे. प्लांट पूर्ण सुरक्षित आहे. कोणाचीही वैयक्तिक माहिती बाहेर गेलेली नाही.

प्रणिता म्हणाली, “सर, दुसरं वाक्य खरं आहे, हर्षदनं मला कंट्रोल रूम दाखवलीय. तिसऱ्याचं आपल्याला काहीच माहीत नाही. ते काढू या.”

वकीलबाई म्हणाल्या, “काढलं तर लोक विचारतील, का काढलं?”

“मॅडम, अजून लावलंच नाही, तर काढलं कसं म्हणतील?”

मला हसू आलं, पण साहेबांना आलं नाही. “प्रणिता, पुलावर माणसं चेंगरतील. आधी त्यांना शांत कर. शब्दांचं नंतर बघू.” तिचा फोन टेबलावर सारखा थरथरत होता, गावागावातनं. तिनं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा नोटिशीकडे, आणि सही केली. दहा वाजून दहा मिनिटांनी नोटीस सगळ्या गावांच्या ग्रुपवर गेली. अकराला पूल मोकळा झाला. कंपनीवर विश्वास ठेवून नव्हे हो, खाली प्रणिता म्हात्रे हे नाव होतं म्हणून. ही तिची दुसरी चूक. पहिली फसवणूक होती, दुसरी तिनं डोळे उघडे ठेवून केली, आणि हे मी नाही, तीच म्हणते.

सरकारला सहा तासांत कळवावं लागतं, ते हर्षदनं कळवलं. मंगळवारी त्याला कळलं की चोर आत कुठून शिरले. माझ्या केबिनमध्ये प्रणिताच्या समोरच बसून तो म्हणाला, “ताई, मी रिपोर्टात ‘एका कर्मचाऱ्याच्या संगणकातून’ एवढंच लिहितो.” पोरगा भला. ती म्हणाली, “नाव लिही. नाहीतर पुढच्या वर्षी हे पत्र दुसरं कोणीतरी उघडेल.” आणि डबा न खाता उठून गेली.

बुधवारी सकाळी चोरांनी नमुना पाठवला. दरवर्षी कंपनीत आमची मेडिकल तपासणी होते, त्यातल्या चौसष्ट जणांची यादी. ज्यांच्या नावापुढे डॉक्टरनं लाल शेरा मारला होता ते चौसष्ट. नाव, गाव, आजार, सगळं. रविवारी दुपारी बारापर्यंत पैसे आले नाहीत तर यादी गावांच्या ग्रुपवर टाकू, असं लिहिलेलं. पैसे द्यायचे नाहीत असं मुंबईनं ठरवलं, ते बरोबरच. पण त्या चौसष्टांना सांगायचं काय? सोमवारची नोटीस खोटी ठरली होती. प्रणिता म्हणाली, आज सांगू. मुंबई म्हणाली, आधी मजकूर ठरवू.

मजकूर! बुधवार आणि गुरुवार, दोन दिवस, अकरा वेळा मजकूर मुंबईला गेला आणि परत आला. “कथित यादी” लिहा. “मर्यादित स्वरूपाची माहिती” लिहा. “शक्यता नाकारता येत नाही” लिहा. इकडे माणसांच्या घरात बॉम्ब फुटायचा होता आणि ही मंडळी स्वल्पविराम हलवत होती. मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. मी थंबच्या मशीनला शिव्या देत होतो.

गुरुवारी पाच वाजता प्रणिता गेटबाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि तिनं बापाला फोन लावला. खाडीकडे रेंज कमी, म्हणून स्पीकरवर. कोणाचं नाव न घेता तिनं एवढंच विचारलं, “बाबा, मला माहीत हाय बांधाला खांड पडलीय. पण साहेब म्हणतात आत्ता बोलू नको. काय करू?”

तिकडं खारजमिनी आहेत, समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले. सगळा गाव मिळून ते राखतो, त्याला जोळ म्हणतात. बांधाला भगदाड पडलं की ती खांड. ज्याला पहिली दिसेल त्यानं ओरडायचं, रात्र असो, सण असो. न ओरडता घरी गेला तर गावकी त्याला वर्षभर उभा करत नाही.

केरूबाबा म्हातारा झालाय, पण आवाज असा की मला केबिनमध्ये ऐकू आला. “खांड दिसली का वरडायचं गो पोरी. बांध कोनाचा, फोडला कोनी, ते मागनं. पानी काय साहेबाला इचारून येतंय?”

फोन ठेवून ती उठली आणि सरळ माझ्या केबिनमध्ये आली. दार लावून घेतलं. म्हणाली, “कान्हूकाका, चोरांकडे चौसष्ट जणांची मेडिकलची यादी आहे. तुमचं नाव त्यात आहे. चोर माझ्या कॉम्प्युटरवरून शिरले. रविवारी दुपारी यादी सगळीकडे जाईल. काकूंना काय सांगायचं ते त्याआधी तुम्ही सांगा.”

मला काय झालं ते सांगतो. माझ्या दोन्ही किडन्या निम्म्यावर आल्यात, हे मला मार्चमध्ये कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. पनवेलला तीनदा जाऊन आलो. हौसाला सांगितलं, युनियनची मीटिंग. का? तर तिला कळलं की ती मला एक दिवस गेटवर उभं राहू देणार नाही, आणि मला घरी बसून मरायचं नव्हतं. हे मी आणि डॉक्टर, दोघांतच होतं. आणि ही पोरगी समोर उभी राहून सांगते की रविवारी अख्ख्या अष्टमीला कळणार!

मी ओरडलो. नऊ वर्षांत तिला एक वाकडा शब्द बोललो नव्हतो, ते सगळं त्या दहा मिनिटांत भरून काढलं. कोणी सांगितलं होतं दिसेल तो कागद उघडायला, सही करताना हात झडला नाही का, आणखीही बोललो, ते लिहायची लाज वाटते. ती उभी राहिली. रडली नाही, सबब दिली नाही. मी थकलो तेव्हा म्हणाली, “बरोबर आहे काका. उद्याही ओरडा. पण आज घरी सांगा.”

घरी गेलो तर हौसा भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. ती सोलतच राहिली. मग एकदम सगळी सालं माझ्या तोंडावर फेकली. “युनियन! पनवेलला युनियन! आणि मी मेली देवापुढे दिवा लावून बसते, ह्यांच्या मीटिंगा सुखरूप होऊं दे म्हनून!” मग ढसाढसा रडली. मीही रडलो, लपवून काय करू. मग डोळे पुसून तिनं पहिला प्रश्न विचारला, “मीठ चालतंय का तुमाला?” मी म्हटलं, कमी. त्या दिवसापासून माझं लोणचं आणि सुकट बंद. पण चार महिन्यांत पहिल्यांदा मी झोपलो, तो असा की सकाळी तिनं मला हलवून उठवलं.

शुक्रवारी सकाळी मोटारसायकल काढली आणि प्रणिताला म्हटलं, बस मागं. घरं मला माहीत आहेत. तिनं रजेचा अर्ज टाकला होता. साहेबांना तोंडावर सांगून आली होती की, मजकूर ठरला की कळवा, तोवर मी माणसांना भेटते. साहेब काय म्हणाले ते तिनं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तिचे दोन नियम होते. बातमी फक्त त्या माणसालाच सांगायची, एकट्याला, बायकोला नाही, आईला नाही. आणि आजाराचं नाव आपण घ्यायचं नाही. मी मोटारसायकलपाशी उभा राहायचो आणि ती माणसाला बाजूला घेऊन बोलायची. लांबून मला फक्त चेहरे दिसायचे. एकानं तिला हाकलून दिलं. एका बाईनं, आमच्याच पॅकिंगमधली, तिला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. एकानं कुत्रं सोडलं, ते मात्र माझ्यावर. एका दाजींनी लांबूनच मोठ्यांदा विचारलं, “माझी शुगर सगळ्या गावाला माहीत हाय, यादीत आकडा किती टाकलाय ते सांग. दोनशेच्या खाली असला तर फुडं बोल.” ती त्या तीन दिवसांत तेवढीच एकदा हसली.

शनिवारी संध्याकाळपर्यंत एकसष्ट घरं झाली. तीन राहिली. एक जण नोकरी सोडून सुरतला गेलेला, त्याचा नंबर बदललेला. दुसरा काळुराम, मुंबईला लेकाकडे, लेक फोन देईना. तिसरा खांब गावचा साईराज.

साईराज कॉन्ट्रॅक्टमधला फिटर, सव्वीस वर्षांचा. दिवाळीनंतर त्याचं लग्न होतं, आमच्या अष्टमीतल्या पोपटच्या मुलीशी, समीक्षाशी. ती बालवाडीत शिकवते. शनिवारी खांबला गेलो तर त्याची आई म्हणाली, कॉन्ट्रॅक्टरनं धरमतरच्या जेट्टीवर कामाला पाठवलाय, बुधवारपासनं तिकडंच हाय. काय काम हाय मॅडम? प्रणिता म्हणाली, त्यालाच सांगते. तिनं चार फोन केले, उचलला नाही. “महत्त्वाचं आहे, फोन कर” असा मेसेज टाकला. साईराज गावच्या मंडळाचा खजिनदार. पीआर मॅडमचा फोन म्हणजे वर्गणीची पावती मागणार, असं समजून पठ्ठ्यानं सोमवारवर ढकललं.

रविवारी सकाळी मी रोह्याहून पेणला गेलो, तिला घेतलं आणि साडेनऊ वाजता जेट्टीवर पोचलो. तिथला मुकादम म्हणाला, आत्ताच गेला की, कामाच्या टेम्पोतनं. म्हणजे वाटेत आम्ही समोरासमोरून एकमेकांना ओलांडून गेलो असणार! तिथनं परत फिरलो. हायवेला काम चालू, एक बाजू बंद, नागोठण्याच्या अलीकडे दीड तास एका जागी. प्रणिता मागं बसून सारखा फोन लावत होती, त्याचा बंद. बारा वाजून तीन मिनिटांनी माझ्या खिशातला फोन वाजायला लागला तो थांबेना. मी गाडी थांबवून बघितलं. यादी आली होती. सोळाव्या ओळीत मी, एकेचाळिसाव्या ओळीत साईराज. फिट येते, उंचीवर काम देऊ नये.

हौसाचाही फोन आला. “शेजारची आली व्हती मोबाइल नाचवत. मी बोलली, माहीत हाय आमाला, ह्यांनी सांगितलंय, तू तुझ्या घरचं बघ.” तिच्या आवाजात चक्क तोरा होता. माझे डोळे भरले, पण प्रणितासमोर कसं पुसायचे, म्हणून हेल्मेट चढवलं.

खांबला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. साईराजच्या दारात पोपटची गाडी उभी. ओटीवर पोपट, त्याचा भाऊ, साईराजची आई, आणि खांबाला टेकून समीक्षा. साईराज मध्ये उभा, अंगावर अजून जेट्टीवरचे कपडे, हातात चार्जरला लावलेला फोन. तो पोपटला फोन दाखवत होता. “हे बघा. सोमवारची कंपनीची नोटीस. कोणाचीही माहिती बाहेर गेलेली नाय. लिहून दिलंय. म्हंजे यादी खोटी हाय. मला काय येत नाय, फिट नाय नि बिट नाय.”

तेवढ्यात त्यानं आम्हाला पाहिलं. बुडणाऱ्याला काठ दिसावा तसा त्याचा चेहरा झाला. “ह्या बघा मॅडमच आल्या! सही ह्यांचीच हाय. विचारा ह्यांना!”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, पोरी, हो म्हण. एक शब्द. पोरग्याचं लग्न वाचेल, कंपनीची अब्रू वाचेल, तुझी नोकरी वाचेल. यादी खोटी आहे म्हण आणि चल घरी. खरं सांगतो, मी असतो तर म्हटलं असतं.

प्रणिता ओटीवर चढली. म्हणाली, “नोटीस खोटी आहे. सही माझी आहे. तिसरं वाक्य खरं आहे की नाही हे मला सोमवारी माहीत नव्हतं, तरी मी सही केली. साईराजनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, त्याचा दोष नाही. बुधवारी मला कळलं आणि शुक्रवारपर्यंत मी ऑफिसाबाहेर पडले नाही, तोही माझा.”

पोपट म्हणाला, “म्हंजे यादी खरी. ह्याला फिट येते.”

“यादी आमच्याकडनं गेली हे खरं. ह्याच्या ओळीत जे लिहिलंय ते खरं का खोटं, ते मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क ह्याचा. मी तो चोरांना देऊन बसले, आणखी तुम्हालाही देणार नाही.”

“तोंडानं नको,” पोपट म्हणाला. “नोटीस खोटी व्हती ते लिहून द्या.”

साईराजच्या आईनं कॅलेंडरचं मागचं पान फाडून दिलं. प्रणितानं उभ्या उभ्या लिहिलं, तारीख घातली, खाली नाव आणि हुद्दा. तो कागद पोपटच्या भावानं तिथंच फोनवर काढून ग्रुपवर टाकला. संध्याकाळी तो मुंबईत होता आणि महिन्याच्या आत ती नोकरीवर नव्हती. लिहिताना तिला हे कळत होतं. मी तिच्या मागेच उभा होतो, तिनं एक शब्दही खोडला नाही.

पोपटनं कागद मुलीपुढे धरला. “वाच. आता सांग, ठेवायचं का मोडायचं?”

समीक्षानं कागद घेतला नाही. ती साईराजच्या समोर जाऊन उभी राहिली. “सोमवारी ह्यांच्या कागदावर तू निर्धास्त झालास, आज ह्यांच्या कागदावर बाबा तुला खोटा ठरवतायत. मला कोणाचा कागद नको. मगाशी विचारलं तर नाय म्हणालास. आता परत विचारते. येते का?”

साईराजनं आईकडे पाहिलं, प्रणिताकडे पाहिलं. हातातला फोन खाली ठेवला. मग तो म्हणाला, “व्हय. येते. दोन वर्षांत तीनदा आली. गोळी चालू हाय. तुला साखरपुड्याच्या आधीच सांगनार व्हतो, जीभ उचलली नाय.”

पोपट गाडीची चावी घेऊन उठला. “चल गो, निघू.”

समीक्षा जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. ती साईराजला म्हणाली, “आणि माझ्यासमोर आली तर मी काय करायचं? ते सांग आधी.”